फळ्या कुणी ठोकल्या?

१

सिस्टर रात्रपाळी संपवून परतली तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि तळमजल्यावर जनरेटर अजून धडधडत होता.

तिला आधी रागच आला. इमारतीला वीज अजून मिळाली नव्हती; डिझेलसाठी सगळ्यांनी वर्गणी काढायची, दिवेलागणीला जनरेटर लावायचा, टाकीत पाणी चढलं आणि मुलांची जेवणं झाली की बंद करायचा, असं सगळ्यांच्या संमतीने ठरलेलं. आणि इथे दिवसाढवळ्या मशीन बोंबलत होतं. जिन्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरून तिने खटका खाली ओढला. एकदम शांत झालं. वळता वळता तिचा पाय कशाला तरी लागला.

लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीचं, म्हणजे डक्टचं, तोंड तिथे पत्रा लावून बंद केलं होतं. लिफ्ट काही कधी बसली नव्हती. त्या पत्र्याखालून चार बोटं बाहेर आली होती. सिमेंटने पांढरी पडलेली, नखं फुटलेली.

सिस्टर किंचाळली नाही. खाली बसून तिने बोटं हातात घेतली, मग पत्रा मागे वाकवून मनगट चाचपलं. नाडी नव्हती.

"अंग गरम होतं हो," ती नंतर प्रत्येकाला सांगत राहिली. "अजून गरम होतं."

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टर बाईंना खात्यात सगळे त्यांच्या माघारी 'मास्तरीणबाई' म्हणत. आवाज कधी चढवायच्या नाहीत. एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारायच्या आणि उत्तर पटलं नाही की नुसत्या बघत राहायच्या. गुडघे साथ देत नसल्यामुळे जागा मिळेल तिथे टेकायच्या. त्यांच्या निम्म्या जबान्या पायऱ्यांवर बसूनच झालेल्या होत्या.

मेलेला माणूस कोण, हे शोधावं लागलं नाही. तो गृहनिर्माण खात्याचा इंजिनीअर होता. आदल्या दुपारी इमारत तपासायला आला होता आणि त्याची गाडी रात्रभर फाटकाबाहेर उभी होती.

"वरून पडला, मॅडम," हवालदार म्हणाला. "एखाद्या मजल्यावर डक्ट उघडा राहिला असणार."

"चला, बघू."

बाई धापा टाकत वरपर्यंत गेल्या. प्रत्येक मजल्यावर डक्टच्या तोंडावर आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि सगळ्या घट्ट. वर्षानुवर्षं ठोकलेल्या असाव्यात तशा धुळीने माखलेल्या. उतरताना त्या तिसऱ्या मजल्यावर थांबल्या. तो मजला विकलाच गेला नव्हता; मोकळ्या खोल्या, उघड्या खिडक्या, जमिनीवर मुलांनी खडूने आखलेला डाव. इथल्या फळ्यांवरही धूळ होती, पण खिळ्यांची डोकी चकाकत होती. दोन खिळे तर ठोकताना वाकले होते आणि वाकलेलेच दाबून टाकले होते.

हवालदाराने फळी हलवून पाहिली. तिने दाद दिली नाही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "म्हणजे हा माणूस आत पडला, आणि मग बाहेरून कुणीतरी दार लावून घेतलं."

२

दुपारच्या आत बाईंच्या साहेबांचा फोन आला.

"अपघात आहे ना?"

"खिळे नवीन आहेत, साहेब."

"खिळ्यांचं काय घेऊन बसलात! उद्या सभागृहात विश्वासदर्शक ठराव आहे. घरांचा बाजार आधीच आडवा पडलाय. त्याला उठवायला सरकारने एवढी मोठी योजना आणली, आणि योजनेच्या पहिल्याच इमारतीत सरकारी इंजिनीअरचा खून? कोण घर घेईल उद्या?"

योजनेचं खरं नाव लांबलचक होतं. लोक तिला नुसतं 'टेकू' म्हणत. बँकांनी हात आखडता घेतला होता, बिल्डर बसले होते, आयुष्याची पुंजी ओतलेली माणसं अर्धवट इमारतींकडे बघत भाड्याच्या खोल्यांत दिवस काढत होती. टेकूने ठरवलं होतं की अशा इमारती सरकार हमी देऊन पुरी करेल आणि न विकलेली घरं स्वतः विकत घेईल. फक्त इमारत भक्कम हवी.

"इंजिनीअरने मुदतीत काहीच कळवलं नाही तर?" बाईंनी विचारलं.

साहेब जरा घुटमळले. "तर पात्र धरायची. घाई होती हो. कलम तसंच लिहिलं गेलंय."

"मुदत कधी संपली?"

"आज सकाळी."

म्हणजे इंजिनीअर गप्प राहिला की इमारत पास. आणि तो गप्प राहिला होता.

बिल्डरला सगळे शेठ म्हणत. त्याच्या ऑफिसात काचेखाली त्याच इमारतीची लहानशी प्रतिकृती होती, हिरवी झाडं आणि चिमुकल्या गाड्यांसकट. खुर्च्या मात्र दोनच उरल्या होत्या.

"माझ्यावर संशय असेल तर लपवू नका, मॅडम," शेठ म्हणाला. "सवय झालीय. घरी बायकोसुद्धा घेते."

"काल त्यांच्याशी भांडण झालं तुमचं."

"झालं. फाटकात झालं, सगळ्यांदेखत झालं. ते म्हणाले, 'ही अशी पास करता येणार नाही.' मी म्हणालो, साहेब, सरकारच टेकूवर उभं आहे, तुम्ही आमच्या कॉलमला कशाला नावं ठेवता? हसले नाहीत. पुन्हा आत गेले. म्हणाले, एक जागा बघायची राहिली आहे."

"आणि तुम्ही?"

"मंत्रालयात. बाहेरच्या बाकावर. सगळे बिल्डर ओळीने बसलो होतो, दवाखान्यात बसल्यासारखे. रात्री हाकलून दिलं तेव्हा उठलो. शंभर जण सांगतील."

पुढे शंभर नाही, पण पुरेशा लोकांनी ते सांगितलं. शेठ खरंच तिथून हलला नव्हता.

बाई उठल्या तेव्हा तो काचेवर बोट फिरवत होता. "मॅडम, 'पास करणार नाही' हे मी एकट्याने ऐकलेलं नाही. रहिवाशांची समिती होती, सिस्टर होती, समितीचे ते काका होते. माझं गेलं असतं तर पैसे गेले असते. त्यांचं घर गेलं असतं. तुम्ही चुकीच्या माणसाकडे बसलात."

३

डॉक्टर सरकारी दवाखान्याचे, कमी बोलणारे.

"पडल्यामुळे मेला," ते म्हणाले, "पण पडल्याबरोबर मेला नाही."

बाईंनी मान वर केली.

"खाली वाळूचा आणि सिमेंटच्या फुटक्या गोण्यांचा ढीग होता. त्याने वाचवला. पाय मोडला, बरगड्या मोडल्या, आत रक्तस्राव होत राहिला. पहाटेपर्यंत जिवंत होता. वेळेत बाहेर काढला असता तर आज माझ्याशी बोलत असता."

"शुद्धीत होता?"

उत्तरादाखल डॉक्टरांनी मृताची हातोडी पुढे केली. काँक्रीटवर ठोकून आवाज ऐकायची लहान हातोडी. तिच्या तोंडाचे जागोजाग टवके उडाले होते. "तुमच्या माणसांनी सांगितलं, आतल्या लोखंडी पट्टीवर ठोकल्याच्या ताज्या खुणा आहेत. खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीवर. पुष्कळ आहेत."

हवालदाराने टोपी काढून उगाच पुन्हा घातली.

मृताच्या वस्तू टेबलावर होत्या. खांद्याला अडकवायची पिशवी, तिचं बक्कल लावलेलं. आत टॉर्च. फुटका चष्मा, वाळूत सापडलेला. दुसरा चष्मा खिशातल्या डबीत, धड.

त्या वस्तू घेऊन बाई मृताच्या बायकोकडे गेल्या. सरकारी वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. बायको पन्नाशीची, रडून रडून कोरडी झालेली. फुटक्या चष्म्याची काडी तिने हातात घेतली.

"हा जवळचा. वाचायचा."

"तो लावून चालायचे?"

"छे हो! तो लावून चालले तर दारावर आपटतील हे. चालताना लांबचाच. घरातल्या घरातसुद्धा."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "मॅडम, टॉर्च पिशवीत. म्हणजे पडला तेव्हा उजेड होता."

"आणि जवळचा चष्मा डोळ्यांवर. म्हणजे तो चालत नव्हता, कुणापासून पळतही नव्हता. एका जागी उभा राहून जवळचं काहीतरी बघत होता."

"काय?"

"डक्टची आतली भिंत. बाकी सगळीकडे प्लास्टर झालंय, हवालदार. काँक्रीट उघडं आहे ते फक्त तिथेच. 'एक जागा बघायची राहिली,' म्हणाला होता ना? फळ्या त्यानेच काढल्या. वाकला. आणि तोल गेला."

"म्हणजे ढकललं नाही कुणी?"

"बहुतेक नाही."

"मग खून कुठे आहे, मॅडम?"

बाई गाडीत बसल्या आणि दार लावायचं विसरल्या. "चाळीस घरं आहेत त्या इमारतीत," त्या म्हणाल्या. "तो रात्रभर लोखंडावर ठोकत होता. एकालाही ऐकू कसं गेलं नाही?"

४

ते ऐकू न जाण्याचं कारण तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. जनरेटर डक्टच्या अगदी लगत होता. तो चालू असला की तळमजल्यावर माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, आणि वरच्या मजल्यांवर डक्टमधून नुसती घरघर चढत असे.

सिस्टर पाचव्या मजल्यावर वडिलांबरोबर राहत होती. वडील अंथरुणाला खिळलेले. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चार जणांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं होतं, त्यानंतर ते खाली उतरले नव्हते. बाई पलंगाशेजारच्या स्टुलावर टेकल्या. सिस्टर बोलता बोलता वडिलांची कूस बदलत होती.

"काल तुम्ही इंजिनीअरच्या पाया पडलात म्हणे."

"पडले. लाज कसली? म्हटलं, साहेब, ह्यांना घेऊन मी कुठे जाऊ? म्हणाले, 'म्हणूनच नीट बघतोय, ताई.' मला तेव्हा राग आला. वाटलं, ह्याला काय कळतंय आमचं." ती थांबली. "सकाळी त्याच माणसाची नाडी बघितली मी."

"तुम्ही ड्यूटीला गेलात तेव्हा जनरेटर चालू होता?"

"नव्हता. दिवेलागण व्हायची होती. फाटकात काका भेटले, कानाला रेडिओ लावलेला. मी विचारलं, आज पंतप्रधानांचं भाषण आहे ना, टेकूची मुदत वाढवणार म्हणतात? तर म्हणाले, 'भाषण रद्द झालं गं पोरी. भागीदार पक्ष बाहेर पडला. आता परवा काय होतंय देव जाणे.' मी गेले. बसमध्ये माझं कशातच लक्ष नव्हतं."

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, आज पाणी चढलं की लगेच बंद करतो, डिझेल संपत आलंय." तिने वडिलांच्या पाठीखाली उशी सरकवली. "म्हणून तर सकाळी चालू बघून एवढी चिडले ना मी."

हवालदार दाराशी उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सिस्टरकडेही नाही. त्या पलंगावरच्या म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या. तो छताकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "रात्रभर घरघर, घरघर. झोपच नाही."

५

काका रहिवासी समितीचे अध्यक्ष होते. बँकेतून निवृत्त झालेले, विधुर, ताठ बांध्याचे. इमारतीतल्या निम्म्याअधिक लोकांनी त्यांच्या शब्दावर इथे घर घेतलं होतं: भाचे, मेहुणे, बँकेतले जुने सहकारी, सहकाऱ्यांची मुलं. काम थांबल्यावर एकानेही त्यांना बोल लावला नव्हता. ते काकांना जास्त लागलं असावं, असं शेजारीण बाईंना सांगून गेली. तेव्हापासून समिती, पाणी, डिझेल, सरकारदरबारी खेटे, सगळं काकांनीच अंगावर घेतलं होतं.

त्यांनी बाईंना खुर्ची दिली, स्वतः पाण्याचा तांब्या आणला.

"भला माणूस होता इंजिनीअर," ते म्हणाले. "ह्याच खुर्चीवर बसून पाणी प्यायला काल. पोरंबाळं किती राहतात, विचारत होता."

"'अशी पास करता येणार नाही' म्हणाला, ते ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं. त्याचं काम त्याने केलं."

"संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. जनरेटर लावला, पाणी चढवलं, रेडिओ घेऊन बसलो."

"जनरेटर रात्रभर चालू राहिला, काका."

"हो, चूक माझीच." ते चटकन म्हणाले. "भाषण होतं ना पंतप्रधानांचं. आत्ता होईल, मग होईल, अशा बातम्या. म्हटलं, लोकांना टीव्हीवर बघता येऊ दे, एक रात्र जळू दे डिझेल. वाट बघता बघता माझा डोळा लागला."

इतर घरांतही बाईंनी हेच ऐकलं होतं. काकांनी दारोदार सांगितलं होतं की भाषण उशिरा होणार आहे, जनरेटर चालू ठेवतो. त्या दिवशी बातमी तासातासाला फिरत होती. कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

बाहेर जिन्यावर पावलं धडधडली, हसण्याचा आवाज आला. काका बोलता बोलता उठले आणि या वयात कुणी जाणार नाही इतक्या वेगाने दाराकडे गेले.

"तिसऱ्यावर नाही जायचं रे! कितीदा सांगितलं? इकडे या सगळे!"

परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "लहान मुलं," ते म्हणाले. "ऐकत नाहीत. रोज संध्याकाळी मी मजला न मजला फिरून येतो."

"कालही फिरलात?"

काकांनी तांब्या उचलला. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी ओतल्यासारखं केलं.

"काल राहिलं," ते म्हणाले.

६

बाई जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या. समोर त्या फळ्या.

"हवालदार, समजा तुम्ही ह्या माणसाला मारलंत. किंवा तो पडलेला तुम्हाला दिसला आणि तो वर येऊ नये असं तुम्हाला वाटलं. तुम्ही ह्या फळ्या ठोकाल?"

हवालदाराने विचार केला. "झाकायला... ठोकेन की."

"काय झाकायला? नीट बघा. डक्ट उघडा, काढलेल्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या, खाली इंजिनीअर. आपण काय म्हटलं असतं?"

"अपघात."

"तासाभरात फाइल बंद झाली असती. साहेब खूश झाले असते. ह्या फळ्या ठोकल्या म्हणून आपण इथे बसलोय. ज्याला वाचायचं होतं तो ह्यांना हात लावणार नाही. मग ठोकल्या कुणी? ज्याला स्वतःला वाचवायचं सुचलंच नाही, त्याने. हा मजला मोकळा आहे. इथे मुलं खेळतात."

हवालदार त्या खडूच्या रेघांकडे पाहत राहिला. समजायला त्याला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर तो त्या रेघांवरून मागे सरला.

काकांच्या दारावर बाईंनी एकट्यानेच थाप मारली. दार उघडंच होतं. ते खिडकीशी बसले होते. रेडिओ मांडीवर, बंद.

"काका, भाषण रद्द झाल्याचं तुम्हाला दिवेलागणीच्या आधीच माहीत होतं. सिस्टरला तुम्हीच सांगितलंत. जनरेटर तेव्हा लागलासुद्धा नव्हता."

बाई समोर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

"फेरीला गेलो होतो," शेवटी काका म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, जमाखर्च सांगावा तसा. "तिसऱ्यावर फळ्या काढलेल्या दिसल्या. मी ओरडलो, कोण आहे रे? तर खालून आवाज आला. आवाज ओळखला त्यांनी माझा. म्हणाले, 'काका, तुम्हीच का? बरं झालं आलात. पाय गेलाय वाटतं माझा. चार माणसं बोलवा जरा.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, 'आलोच.'"

खाली कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"देवाशप्पथ, बाई, माणसं बोलवायलाच निघालो होतो. दोन मजले उतरेपर्यंत तेच डोक्यात होतं. तळाशी आलो. जनरेटर लावायची वेळ झालेली. हात खटक्यावर गेला, आणि मनात आलं: सकाळी मुदत संपते. हा माणूस एक रात्र बोलला नाही, तर चाळीस घरं वाचतात. परवा सरकार पडलं तर पुन्हा कुणी टेकू देणार नाही. एक रात्र. पाय मोडलाय म्हणाला होता. पायाने कुठे माणूस मरतो?" त्यांनी बाईंकडे पाहिलं, जणू ह्याचं उत्तर त्यांच्याकडे असावं. "सकाळी मीच काढणार होतो त्यांना. माफी मागणार होतो. त्यांची नोकरी गेली असती तर भरपाई करणार होतो."

"आणि फळ्या?"

"फळ्या तर ठोकायलाच हव्या होत्या," काका नवल वाटून म्हणाले. "पोरं पडली असती ना."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. "पहाटे का नाही गेलात?"

"गेलो. मशीनपर्यंत गेलो. बंद करायचा धीर होईना. चालू होतं तोवर आतून काही ऐकू येत नव्हतं, तर वाटत होतं ठोकत असतील. बंद केलं आणि तरीही काहीच ऐकू आलं नाही तर?" त्यांनी दोन्ही हात रेडिओवर ठेवले. "तसाच वर आलो. मग सिस्टरची हाक आली."

ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला, बटणं नीट लावली. दारात थांबून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या हातात दिला. पाण्याची, गच्चीची, डिझेलच्या खोलीची.

"सिस्टरकडे द्या. ती व्यवस्थित ठेवेल."

जिन्यात दारं उघडी होती. माणसं दारादारांत उभी होती आणि काका त्यांच्यामधून उतरत गेले. कुणी तरी "काय झालं, काका?" असं विचारलं. कुणाकडेही न बघता ते खाली गेले.

७

सरकार पडलं नाही. ठराव थोडक्यात तरला. भागीदार पक्ष गेला तसा परतही आला आणि 'काही न कळवल्यास पात्र' हे कलम एका परिपत्रकाने गुपचूप निघून गेलं. इमारतीची तपासणी नव्याने झाली. नवा इंजिनीअर तरुण होता. तिसऱ्या मजल्यावरच्या फळ्या काढून, कमरेला दोर बांधून तो डक्टमध्ये वाकला आणि हातोडीने ठोकत राहिला.

"भिंती पोकळ आहेत," तो बाईंना म्हणाला. "लिफ्ट बसवली असती तर कोसळल्या असत्या. ह्या पुन्हा ओतून घ्यायच्या, वरचे दोन मजले उतरवायचे. मग टेकूचे पैसे द्यायला हरकत नाही. बाकीची इमारत चांगली आहे."

"आधीच्यांनी काय लिहिलं असतं?"

"हेच. दुसरं काय लिहिणार? 'अशी' पास करता येणार नाही, म्हणजे दुरुस्त करून येईल." त्याने हातोडी पुसली. "त्यांनी मला शिकवलंय. घाईत अर्धंच वाक्य बोलायची सवय होती त्यांना."

वरच्या दोन मजल्यांत काकांचे दोन भाचे राहत होते. सिस्टरच्या वडिलांना मात्र हलवावं लागणार नव्हतं. काकांना हे सगळं कुणी कळवलं की नाही, बाईंनी चौकशी केली नाही. आरोपपत्र लिहून झालं होतं. आता एकच काम उरलं होतं आणि ते बाई पुढे ढकलत होत्या.

वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत सामान बांधणं चाललं होतं. घर खात्याचं, माणूस गेल्यावर रिकामं करायचं.

"स्वतःचं घर घेतलंच नाही ह्यांनी," बायको एका खोक्याला दोरी बांधत म्हणाली. "सगळी ठोकून बघितलेली ना. एकही पसंत पडलं नाही." हसण्याचा प्रयत्न अर्ध्यातच थांबला. "बसा ना, ताई. तुमचे गुडघे दुखतात."

बाई एका खोक्यावर बसल्या.

"एक विचारू? पुढे कोर्टात वकील काय काय बोलतील. त्याआधी तुमच्याकडून ऐकते. हे... लगेच गेले ना?"

हो म्हणणं सोपं होतं. दोन दिवस तरी टिकलं असतं. बाईंनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही. पहाटेपर्यंत होते."

बायकोच्या हातातली दोरी सैल झाली. ती जमिनीवर बसली, पाय पोटाशी घेऊन.

"हाका मारल्या असतील."

"हो."

"कुणी ओ दिली का?"

"दिली. एकाने 'आलोच' म्हटलं."

बाहेर कुणीतरी गाडी पुसत होतं, नळाचं पाणी फरशीवर पडत होतं. बायको ते ऐकत असल्यासारखी बसून राहिली. मग तिने डोळे पुसले नाहीत, नुसता पदर सारखा केला.

"इथे मीही जेवण झाकून बसले होते," ती म्हणाली. "म्हणजे रात्रभर आम्ही दोघंही वाटच बघत होतो."